महबूब हुसेन पटेल ते अमर शेख : दोन्ही घरांनी विसरलेला शाहीर

मराठी मुसलमानांच्या साहित्याची चर्चा निघाली की आपण दोन टोकांना जातो. एक तर थेट मागे, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपर्यंत. नाहीतर थेट पुढे, १९९० साली सोलापुरात भरलेल्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापर्यंत. मधल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत जणू काही घडलंच नाही. प्रत्यक्षात या मधल्या काळात, अगदी आपल्या आजोबांच्या पिढीत, एक मुसलमान कवी लाखालाखाच्या सभेला मराठीतून गाऊन दाखवत होता. महाराष्ट्र राज्य झालं त्यात त्याच्या गळ्याचा वाटा होता. आचार्य अत्र्यांसारखा सहजासहजी कुणाला न मानणारा माणूस त्याला महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हणायचा. त्याचं नाव शाहीर अमर शेख.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवते. दोन्ही बाजूंच्या घरांत माझं येणं-जाणं असतं. उर्दूवाल्यांना कैफी आझमी, अली सरदार जाफरी, मजरूह सुलतानपुरी तोंडपाठ असतात. मराठीवाल्यांना मर्ढेकर, कुसुमाग्रज, नारायण सुर्वे माहीत असतात. अमर शेख यांचं नाव काढलं की दोन्हीकडे क्षणभर शांतता पसरते. मग कुणीतरी वयस्कर म्हणतं, "हां, ते संयुक्त महाराष्ट्रवाले ना?" तिथेच विषय संपतो. तो तिथे का संपतो, हे समजून घेण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

बार्शीचा महबूब

२० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत एका गरीब मुसलमान कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव ठेवलं महबूब. पूर्ण नाव महबूब हुसेन पटेल. 'पटेल' वाचून गुजरातकडे पाहू नका. सोलापूर-धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद) पट्ट्यातल्या मुसलमानांत पटेल हे आडनाव गावोगाव सापडतं. इकडे जसे पाटील तसे तिकडे पटेल. गावगाड्यात मुरलेल्या, मातीशी पिढ्यांचं नातं असलेल्या मुसलमानांचं हे आडनाव आहे.

बार्शी तेव्हा काही अगदी खेडं नव्हतं. भगवंताचं देऊळ, मोठी बाजारपेठ, कुर्डुवाडीहून येणारी छोट्या रुळाची बार्शी लाइट रेल्वे, आणि कापडगिरण्या. म्हणजे एकीकडे वारकरी वळणाची मराठी आणि दुसरीकडे गिरणीच्या भोंग्यावर चालणारं कामगारांचं आयुष्य. महबूबच्या घडणीत या दोन्ही गोष्टी आल्या.

तिसरी गोष्ट घरातच होती. आई मुनेरबी. लोकगीतांचा वारसा त्यांना आईकडून मिळाला. हे वाक्य त्यांच्या प्रत्येक चरित्रपर टिपणात असतं आणि आपण ते वाचून पुढे जातो. जरा थांबून विचार करा. मुनेरबी नावाची बाई जात्यावर, पाळण्याशी, लग्नात जी गाणी म्हणत होती ती मराठी होती. त्या काळच्या खेड्यापाड्यांतल्या मुसलमान बायका दळता-कांडताना ओव्याच म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉतव्हँ यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखांहून अधिक ओव्या आहेत. महाराष्ट्रातल्या बायकांनी केवढी कविता तोंडात सांभाळली होती याचा अंदाज त्यावरून यावा. मुनेरबी त्याच परंपरेतली. उर्दूत ज्याला आपण 'मादरी ज़बान' म्हणतो, ती आईची भाषा महबूबसाठी मराठी होती. ती त्याने शाळेत मिळवलेली किंवा सोयीसाठी उचललेली नव्हती.

पाणक्या, क्लिनर, गिरणी कामगार, कैदी

गरिबी अशी की मिळेल ते काम करावं लागलं. कधी पाणक्या, कधी गाडीवरचा क्लिनर, कधी गिरणी कामगार. वयाच्या चौदा-सोळाव्या वर्षीच, म्हणजे १९३०-३२ च्या सुमारास, ते राष्ट्रीय चळवळीत ओढले गेले. गिरणीत संप झाला तेव्हा ते पुढे होते. मग विसापूरचा तुरुंग आला. तिथे त्यांची गाठ कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी पडली आणि ते कम्युनिस्ट झाले.

विसापूर अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यात आहे. ज्या श्रीगोंद्यात शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, त्याच तालुक्यातल्या तुरुंगात सुमारे तीनशे वर्षांनी दुसऱ्या एका मुसलमान मराठी कवीला त्याची वाट सापडली. हा योगायोगच. पण आपल्या इतिहासाचा नकाशा काढायचा झाला तर या दोन ठिकाणांमध्ये रेघ ओढायला हरकत नाही.

पुढे बार्शी सुटली. कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम मिळालं. तिथे मित्रांनी त्यांचं नवं नाव ठेवलं : अमर शेख. अर्धं नाव संस्कृत, अर्धं अरबी. आज कुणी असं नाव घेतलं तर दोन्हीकडचे लोक भुवया उंचावतील. त्या काळात ते नाव महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं.

शायर आणि शाहीर

इथे वर्गात सांगते ती एक गोष्ट सांगते. 'शाहीर' हा शब्द कुठून आला? अरबीतल्या 'शाइर'वरून. जाणणं, उमगणं या अर्थाच्या धातूपासून तो शब्द बनतो. उर्दूतला 'शुऊर' म्हणजे जाण, तोही त्याच मुळातला. फारसीच्या हाताने हा शब्द दख्खनेत आला. उर्दूत 'शायर' झाला आणि मराठीत 'शाहीर'. शब्द एक, कामं मात्र दोन. शायर मुशायऱ्यात शमेसमोर बसून शेर वाचतो. शाहीर डफावर थाप मारून मैदानात उभा राहतो. त्याच्या हातातला 'डफ' आणि त्याच्या फडाचा 'तमाशा' हे शब्दही त्याच वाटेने आलेले आहेत.

मराठी शाहिरीत मुसलमान हा पाहुणा कधीच नव्हता. पेशवाईच्या उत्तरकाळातले नामांकित शाहीर सगनभाऊ जेजुरीचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या जमातीतले मुसलमान. होनाजी, अनंतफंदी, राम जोशी, परशराम यांच्या बरोबरीने त्यांचं नाव घेतलं जातं. अमर शेख सगनभाऊंच्याच घराण्यातले. फरक एवढाच की सगनभाऊंच्या काळात शाहिराला सरदारांचा आश्रय होता आणि अमर शेखांच्या काळात त्याला कामगार-शेतकऱ्यांचा आश्रय मिळाला.

१९४४ साली 'लाल बावटा कलापथक' उभं राहिलं. त्यात तिघे मुख्य : अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख. वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेला एक आणि बार्शीच्या गिरणीतून आलेला मुसलमान एक, आणि त्यांच्या जोडीला गव्हाणकर. जुन्या तमाशातला गण-गौळणीचा सांगाडा त्यांनी घेतला आणि त्यात गिरणी, सावकार, काळाबाजार, निवडणूक भरली. अण्णा भाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा गळा यांनी मुंबईच्या चाळी आणि बाहेरची गावं पिंजून काढली. सरकारला ते झोंबलं आणि या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदीही आली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९४३ मध्ये, मुंबईत 'इप्टा' स्थापन झाली होती. कैफी, सरदार जाफरी यांच्यासारखे तरक्कीपसंद शायर त्याच शहरात, त्याच विचाराने लिहीत होते. म्हणजे एकाच मुंबईत, एकाच लाल झेंड्याखाली, उर्दूतून लिहिणारे शायर आणि मराठीतून गाणारा शाहीर शेजारीशेजारी होते. शायरांची नज्म सिनेमातून घराघरांत गेली. शाहिराचा पोवाडा मैदानावरच्या माणसांबरोबर म्हातारा होत गेला.

संयुक्त महाराष्ट्राचा गळा

अमर शेखांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा काळ १९५५ ते १९६० चा. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा रक्त सांडलं. ६ फेब्रुवारी १९५६ ला आपल्या पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, आंबेडकरी पक्ष असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एका व्यासपीठावर आले.

आज एक गोष्ट समजायला कठीण जाते. त्या काळी टीव्ही नव्हता, रेडिओ सरकारचा होता आणि ज्यांच्यासाठी लढा होता त्यातल्या बहुसंख्यांना वाचता येत नव्हतं. अत्र्यांचा 'मराठा' नोव्हेंबर १९५६ मध्ये निघाला, पण तो वाचणाऱ्यांसाठी. न वाचणाऱ्यांसाठी शाहीर होते. सभेची वेळ झाली की आधी शाहीर उभे राहायचे. अमर शेख, अण्णा भाऊ, गव्हाणकर, आत्माराम पाटील. शाहीर सभा बांधायचे, मग वक्ते बोलायचे. राज्य पुनर्रचना, द्विभाषिक, मुंबईचा प्रश्न हे सगळे कोरडे मुद्दे शाहिरांनी डफावर घेतले आणि शेतात काम करणाऱ्या बाईलाही ते आपले वाटले. अमर शेखांचा आवाज पहाडी. त्या काळातल्या कर्ण्यांवरही तो मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. गोवा मुक्तीच्या लढ्यातही अमर शेख गात होते. तो लढा १९ डिसेंबर १९६१ ला संपला. 'मराठी माणूस' या शब्दाची आज जी मिरवणूक निघते, त्यात हा बार्शीचा मुसलमान अगदी पुढच्या रांगेत होता. तो कुणी कोट्यातून बसवलेला नव्हता, आणि सर्वधर्मसमभावाच्या फोटोसाठी उभा केलेलाही नव्हता. तो तिथे होता कारण त्याच्याइतकं चांगलं ते काम करणारे फार थोडे होते.

दोन युद्धं

१९६२ साली चीनचं आक्रमण झालं. १९६५ ला पाकिस्तानशी युद्ध झालं. पहिल्या युद्धात कम्युनिस्टांकडे संशयाने पाहिलं जात होतं, दुसऱ्यात मुसलमानांकडे. अमर शेख दोन्ही होते. या दोन्ही वेळी त्यांनी देशभर फिरून कार्यक्रम केले आणि संरक्षण निधीसाठी लक्षावधी रुपये उभे करून दिले.

हे मी अभिमानाने सांगते, पण दाखला म्हणून सांगत नाही. आपल्याकडे एक खोड लागली आहे. कुणी निष्ठेचा पुरावा मागितला की आपण अब्दुल हमीद, अब्दुल कलाम अशी नावं खिशातून काढून दाखवतो. अमर शेखांचं नाव त्या खिशात टाकू नये. ते गायले कारण शाहिराचं ते कामच आहे. लोकांच्या जिवावर बेतलं की शाहीर उभा राहतो. त्यांच्या लेखी दुष्काळ, संप, सीमाप्रश्न आणि युद्ध यांत तसा फरक नव्हता.

छापील अमर शेख

'अमरगीत' हा त्यांचा गीतसंग्रह १९५१ चा. 'कलश' हा कवितासंग्रह १९५८ चा, 'धरतीमाता' १९६३ चा. 'पहिला बळी' हे नाटक. शिवाय पोवाडे. 'युगदीप' आणि 'वख्त की आवाज' ही नियतकालिकंही त्यांनी चालवली. ही दोन नावं शेजारीशेजारी ठेवून वाचा. एक शुद्ध मराठी वळणाचं, दुसरं हिंदुस्थानी. दोन्ही नावांत काळ आहे, एकात 'युग' म्हणून आणि दुसऱ्यात 'वख्त' म्हणून. दोन भाषांमध्ये राहणाऱ्या माणसाला एकाच गोष्टीसाठी दोन शब्द लागतात, आणि त्यातला एकही परका वाटत नाही.

सिनेमातही ते दिसले. अत्र्यांच्या 'महात्मा फुले' (१९५४) मध्ये आणि गदिमांच्या कथेवरच्या 'प्रपंच' (१९६१) मध्ये. 'प्रपंच' ही एका गरीब कुंभाराच्या संसाराची गोष्ट. बार्शीत पाणी वाहिलेल्या माणसाला ती गरिबी कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्यांच्या कवितेबद्दल प्रामाणिकपणे बोलायला हवं. मैदानावर म्हणण्यासाठी लिहिलेल्या रचनेचा अर्धा जीव गळ्यात असतो, उरलेला कागदावर येतो. त्यामुळे काही गीतं आज वाचताना घोषणेसारखी वाटतात. ज्या मंत्र्यावर, ज्या संपावर ती लिहिली तो संदर्भ गेला की त्यांची धार जाते. हे कोणत्याही शाहिराचं होतं, सगनभाऊंचंही झालं. पण जिथे ते माती, आई आणि राबणारा माणूस यांच्याबद्दल बोलतात तिथे मुनेरबीच्या ओवीचा ताल परत येतो आणि ओळ उभी राहते. कवीला त्याच्या उत्तम कवितांवरून जोखावं, हा नियम आपण बाकी सगळ्यांना लावतो. तो त्यांनाही लावायला हवा.

विसर कसा पडला

मराठी साहित्याने त्यांना 'शाहीर' म्हटलं आणि त्या शब्दाचीच भिंत केली. शाहीर म्हणजे लोककला आणि कवी म्हणजे साहित्य, असे दोन कप्पे पडले. 'कलश' आला तो काळ नवकवितेचा होता. मर्ढेकर नुकतेच गेले होते आणि कविता मनात वाचायची गोष्ट झाली होती. मोठ्याने म्हणायची कविता मागासलेली ठरू लागली. चारच वर्षांनी, १९६२ मध्ये, नारायण सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' आला आणि गिरणी कामगाराला मराठी कवितेत हक्काची जागा मिळाली. १९७२ ला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. पण सुर्व्यांच्या आधी त्या दारावर डफाची थाप कुणी मारली, हे सांगताना अमर शेखांचं नाव गाळलं जातं.

आता आपल्या घराचं बघू. मराठी मुसलमानांनी त्यांना का विसरावं? कारणं अवघड नाहीत. ते कम्युनिस्ट होते. त्यांची पत्नी हिंदू कुटुंबातली होती. आणि ते उर्दूत लिहीत नव्हते. यातलं पहिलं आणि दुसरं कारण लोक कुजबुजत सांगतात. तिसरं कुणी बोलून दाखवत नाही, पण माझ्या मते तेच सर्वांत खोल आहे. कैफी आझमीही कम्युनिस्टच होते. तरी आपल्या घरांत त्यांचं नाव आदराने घेतलं जातं, कारण ते उर्दूचे. म्हणजे अडचण विचारांची नव्हती.

आपल्याकडे भाषेची एक उतरंड तयार झाली आहे. उर्दू म्हणजे तहजीब, दखनी म्हणजे घरातली बोली, मराठी म्हणजे बाजाराची आणि सरकारी कचेरीची भाषा. मांजरीपासून हडपसरपर्यंत कितीतरी आया मला सांगतात, "टीचर, बच्चे घर में मराठी बोलते, इसलिए उर्दू कच्ची रहती." त्यांची काळजी खोटी नाही, उर्दू टिकायलाच हवी. मी स्वतः त्यासाठी रोज घसा कोरडा करते. पण ज्या मुलाला सांगितलं जातं की मराठी ही तुझी भाषा नाही, फक्त तुझा एक विषय आहे, त्याच्याकडून आपण त्याच्या आजीची ओवी हिरावून घेतो. आणि मग दुसऱ्या बाजूने कुणी त्यालाच विचारतं, "अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता!" तेव्हा त्या कौतुकातला अपमान ओळखायला त्याच्याकडे साधन उरत नाही. अमर शेख ठाऊक असतील तर त्या मुलाला शांतपणे सांगता येईल की ही भाषा आमच्याही घरची आहे, आम्ही तिच्यात शाहिरी केली आहे.

मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीने, फक्रुद्दीन बेन्नूर सरांच्या पिढीने, हेच सांगायचा प्रयत्न केला. ती चळवळ सोलापुरातून, म्हणजे अमर शेखांच्याच जिल्ह्यातून उभी राहिली. तिने उकरून काढलेली परंपरा आपण वर्गापर्यंत नेली नाही, एवढंच काम बाकी आहे.

१९६९ चा पावसाळा

१३ जून १९६९ ला अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गेले. २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय अवघं बावन्न. अडीच महिन्यांत संयुक्त महाराष्ट्राचे तीन आवाज बंद झाले. इंदापूर आमच्याच सोलापूर रस्त्यावर आहे : लोणी काळभोर, यवत, पाटस, भिगवण आणि मग इंदापूर. तिथून पुढे टेंभुर्णी, कुर्डुवाडी करत बार्शी. आपल्या मुलखाच्या वाटेवरच त्यांचा शेवट झाला.

त्यांच्या मागे आवाज अगदीच संपला असंही नाही. वडील गेले तेव्हा बारा वर्षांची असलेली त्यांची मुलगी मल्लिका पुढे स्वतःच्या हिमतीवर मराठीतली महत्त्वाची कवयित्री झाली. तिचं लग्न नामदेव ढसाळांशी झालं. 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे तिचं आत्मकथन मराठीत अजूनही वाचणाऱ्याला हलवून सोडतं. मुनेरबीची ओवी, अमर शेखांचा पोवाडा, मल्लिकाची मुक्त कविता. तीन पिढ्या, तीनही मराठीत. कोणत्याही भाषेत असं घराणं सापडलं तर लोक त्याचा उत्सव करतील.

मुंबई विद्यापीठात आज शाहीर अमर शेख यांच्या नावाचं अध्यासन आहे. ते असायलाच हवं. पण शाहिराची खरी जागा अध्यासनात नसते, तोंडात असते. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीच्या तासाला, आणि मराठी शाळेत महाराष्ट्र दिनाच्या भाषणात, हे नाव पूर्ण घ्या : महबूब हुसेन पटेल, अर्थात शाहीर अमर शेख, बार्शी. आणि घरात एखादी म्हातारी नानी-दादी असेल, जिला अजून जात्यावरची मराठी गाणी आठवत असतील, तर या रविवारी तिच्याजवळ बसा आणि मोबाइलवर ती टिपून घ्या. पुढचा शाहीर कुठल्या मुनेरबीच्या मांडीवर वाढतो आहे, हे आपल्याला आज सांगता येत नाही.